घटस्फोटाचा कागद: नागपुरात तो कुठे शोधायचा आणि मुळात तो कसा तयार होतो

घटस्फोटाचा दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कोणी ना कोणी विचारतो. कुणाच्या मुलीचा पासपोर्ट अडलेला असतो, कुणाला दुसऱ्या लग्नाची नोंदणी करायची असते, तर कुणाच्या आईच्या निवृत्तिवेतनाच्या फायलीवर 'वैवाहिक स्थितीचा पुरावा जोडावा' असा शेरा आलेला असतो. विचारणाऱ्याच्या मनात जन्माच्या दाखल्याचे चित्र असते, म्हणजे महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात जायचे, अर्ज भरायचा आणि आठ दिवसांनी शिक्का मारलेला कागद घेऊन यायचे. असा कागद अस्तित्वातच नाही, हे ऐकून बहुतेकांना आधी आश्चर्य वाटते आणि मग धास्ती वाटते.

महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी १९९८ च्या कायद्यानुसार होते आणि ती नोंदवही फक्त लग्न लागल्याची साक्ष देते. ते लग्न पुढे मोडले की टिकले, याचा हिशेब तिथे ठेवला जात नाही. न्यायालयामार्फत झालेल्या घटस्फोटाचा पुरावा एकच, तो म्हणजे न्यायालयाचा हुकूमनामा. न्यायाधीश कारणे देऊन जे सविस्तर लिहितात तो न्यायनिर्णय, आणि 'अमुक तारखेस लागलेला विवाह आज विच्छेदित करण्यात येत आहे' असे त्याचे फलित ज्या स्वतंत्र कागदावर उतरते तो हुकूमनामा. हुकूमनामा बहुधा एक-दोन पानांचा असतो, पण कार्यालये मागतात तो हाच कागद. परदेशी वकिलाती न्यायनिर्णयही मागू शकतात, म्हणून नक्कल काढताना दोन्हींची काढावी.

स्टँप पेपरवरची फारकत

जुन्या नोंदी शोधण्याकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण शोधायला निघालेल्यांपैकी काहींच्या बाबतीत शोधण्यासारखी नोंदच नसते. नवरा-बायको, दोन्हीकडची चार मोठी माणसे आणि नोटरी यांच्या सह्यांचा 'फारकतनामा' शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर करायचा आणि तो कपाटात जपून ठेवायचा, ही पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभराचा मुद्रांक जाऊन किमान पाचशेचा आला, त्यामुळे पद्धत महागली, इतकेच. नोटरीच्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की सह्या करणारी माणसे त्याच्यासमोर होती. लग्न मोडण्याचा अधिकार नोटरीला नाही आणि पंचांनाही नाही. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केले तर ते कायद्याने शून्य ठरते. शिवाय पहिल्या जोडीदाराने तक्रार केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा धोका राहतो.

याला अपवाद आहेत आणि नागपूर परिसरात ते महत्त्वाचे आहेत. हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २९ मध्ये रूढीने चालत आलेला घटस्फोट मान्य केलेला आहे, पण आपल्या जातीत अशी रूढी पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे सांगणाऱ्यालाच पुराव्याने सिद्ध करावे लागते. न्यायालये हा पुरावा कसून तपासतात. 'आमच्यात असेच चालते' एवढे म्हणणे पुरत नाही. दुसरे असे की, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागूच होत नाही, त्यामुळे गोंड कुटुंबातील सोडचिठ्ठी जमातीच्या रूढीप्रमाणे पाहावी लागते. मुस्लिम कुटुंबांत तलाकनामा किंवा खुलानामा असतो, पण तोही न्यायालयाचा हुकूमनामा नव्हे, आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक तर २०१९ च्या कायद्याने शून्य व गुन्हा ठरवलेला आहे. अशा सर्वांना सरकारी कार्यालयासमोर ठेवण्याजोगा कागद हवा असेल, तर कौटुंबिक न्यायालये कायदा, १९८४ याच्या कलम ७ खाली आपल्या वैवाहिक दर्जाची घोषणा कौटुंबिक न्यायालयाकडून मागता येते. ही वाट लांबची आहे, पण पक्की आहे.

जुना हुकूमनामा शोधताना

पहिला प्रश्न असतो तो निकाल कोणत्या न्यायालयाने दिला, हा. नागपूर शहरासाठी सिव्हिल लाइन्समध्ये कौटुंबिक न्यायालय आहे. शहराच्या हद्दीबाहेरच्या तालुक्यांतील हिंदू विवाह कायद्याखालची प्रकरणे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात. कौटुंबिक न्यायालय सुरू होण्यापूर्वी शहरातील अशी प्रकरणेही दिवाणी न्यायालयातच चालत, म्हणून आई-वडिलांच्या पिढीतील निकाल शोधताना कौटुंबिक न्यायालयात 'नोंद नाही' असे उत्तर मिळाले, तर निराश न होता जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात विचारावे. निकालावर अपील झाले असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेशही लागेल, कारण अपिलात जे ठरते तेच अखेरचे.

दुसरा प्रश्न प्रकरणाच्या क्रमांकाचा. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत प्रकरणांना अक्षरे दिलेली असतात. विरोधात लढवलेली घटस्फोटाची याचिका 'ए', परस्पर संमतीची 'एफ' आणि फौजदारी प्रक्रियेखालचा पोटगीचा अर्ज 'ई' या मालिकेत नोंदला जातो. त्यामुळे घरातल्या फायलीत 'ई' अक्षराचा क्रमांक सापडला, तर तो घटस्फोटाचा नव्हे, पोटगीचा आहे, हे ओळखून पुढे शोधावे. बरेच जण इथेच फसतात. एकाच जोडप्याची दोन-तीन प्रकरणे एकाच वेळी चालू असतात आणि स्मरणात राहतो तो भलताच क्रमांक.

क्रमांक मुळीच नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून शोधता येते. प्रत्येक प्रकरणाला या प्रणालीत मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक हाती असेल तर काम एका झटक्यात होते. नावाने शोधताना मात्र थोडी चिकाटी लागते. बाईचे नाव माहेरच्या आडनावाने नोंदले आहे की सासरच्या, 'वानखेडे' इंग्रजीत कोणत्या अक्षरांनी लिहिले आहे, अर्जदार कोण होते आणि गैरअर्जदार कोण, हे सगळे पालटून पाहावे लागते. माझ्या ओळखीच्या एका ताईंचा शोध दोन महिने अडला होता, कारण त्या स्वतःच्या नावाने शोधत राहिल्या आणि याचिका नवऱ्याच्या नावाने नोंदलेली होती. शेवटी जुन्या डायरीत वकिलाच्या कारकुनाने लिहून दिलेली पेशीची चिठ्ठी सापडली. तिच्यावर फक्त एक तारीख आणि अर्धवट क्रमांक होता, पण तेवढ्यावरून रजिस्टरमधील ओळ निघाली. तेव्हा घरातली जुनी नोटीस, पेशीची चिठ्ठी, वकिलाची पावती, अगदी पोस्टाचा लिफाफासुद्धा फेकण्याआधी उलटून पाहावा. वकील हयात असतील तर त्यांच्या कार्यालयातली डायरी ही चांगली जागा आहे.

संगणकावर प्रकरण दिसले म्हणजे निकालाची प्रत तिथे मिळेलच असे नाही. वैवाहिक खटले हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बंद दाराआड चालतात आणि त्यांचा तपशील छापणे हा हजार रुपयांपर्यंतच्या दंडाचा अपराध आहे, त्यामुळे अशा निकालांबाबत न्यायालये सावध असतात. मिळाली तरी ती छापील प्रत माहितीपुरती असते. कार्यालयांना लागते ती न्यायालयाच्या नक्कल विभागातून काढलेली सहीशिक्क्याची प्रमाणित नक्कल. तिच्यासाठी विहित अर्ज करावा लागतो, ज्यात प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नक्कल हवी हे लिहायचे असते, आणि त्यासोबत नक्कल शुल्क भरावे लागते. पक्षकार स्वतः किंवा त्याचा वकील हा अर्ज करू शकतो. तिऱ्हाईत माणसाला नक्कल हवी असेल तर कारण सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. लग्न जुळवताना 'स्थळाच्या पहिल्या घटस्फोटाचे कागद बाहेरून काढता येतील का' असे विचारणारे पालक भेटतात. त्यांना माझे सांगणे असते की, समोरच्या कुटुंबाकडेच हुकूमनाम्याची नक्कल सरळ मागावी. ज्याच्याकडे खरा कागद आहे त्याला तो दाखवायला संकोच वाटत नाही.

नक्कल हाती आली की तिच्या शेवटच्या पानावरचा शिक्का नीट पाहावा. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि ती कधी दिली, अशा तारखा त्यात हाताने भरलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजताना नक्कल तयार होण्यास लागलेले दिवस वजा होतात, आणि ते वजा करण्यासाठी न्यायालय हाच शिक्का बघते.

याचिका दाखल करायची असेल तर

आपल्याला कोणता कायदा लागू आहे, हे आधी ठरते. हिंदू विवाह कायदा नावाने हिंदू असला तरी तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. दीक्षाभूमीच्या या शहरात हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बौद्ध पद्धतीने लागलेल्या लग्नासाठी वेगळा कायदा असेल असे अनेकांना वाटते. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली लग्न झाले असेल तर घटस्फोटही त्याच कायद्याने होतो. ख्रिस्ती जोडप्यांसाठी १८६९ चा कायदा आहे, तर मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या कायद्याने न्यायालयाकडे घटस्फोट मागता येतो. पुढचे विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्याचे आहे.

नागपुरात याचिका दाखल करता येते ती लग्न इथे लागले असेल, दोघे शेवटचे एकत्र इथे राहिले असतील किंवा गैरअर्जदार इथे राहत असेल तर. पत्नी अर्जदार असेल तर ती सध्या जिथे राहते तिथेही दाखल करता येते. ही सोय २००३ च्या दुरुस्तीने आली, आणि पुण्यात किंवा हैदराबादेत संसार मोडून नागपूरला माहेरी परतलेल्या मुलीसाठी तिचे मोल फार आहे. लग्नाला एक वर्ष पूर्ण होण्याआधी याचिका सहसा घेतली जात नाही. असाधारण हालअपेष्टेचे कारण दाखवून आधी परवानगी मागावी लागते.

नुसते 'पटत नाही' हे कायद्यातले कारण नाही. क्रूरता, व्यभिचार, सलग दोन वर्षे सोडून जाणे, धर्मांतर, गंभीर मनोविकार, सात वर्षे बेपत्ता असणे अशी कारणे कलम १३ मध्ये मोजून दिलेली आहेत आणि त्यांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये काढून टाकण्यात आले, आणि ते फार आधी निघायला हवे होते. प्रत्यक्षात बहुतेक याचिका क्रूरतेवर उभ्या असतात. याचिकेत 'छळ केला' असे मोघम लिहिण्यापेक्षा कोणत्या दिवाळीला, कोणाच्या घरी, कोणासमोर काय घडले हे लिहिलेले असेल तर पुढे पुराव्याच्या वेळी आधार मिळतो. मोबाइलवरचे संदेश पुरावा म्हणून द्यायचे असतील तर नुसत्या छापील प्रती चालत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागते.

याचिकेसोबत प्रतिज्ञापत्र, लग्नपत्रिका किंवा नोंदणी दाखला, लग्नाचे छायाचित्र, ओळखीचा व राहण्याचा पुरावा आणि पत्त्याची पुरसीस, म्हणजे आपला पत्ता न्यायालयाला कळवणारे लेखी निवेदन, द्यावी लागते. लग्नाची नोंदणी झालेली नसली तरी घटस्फोट मागता येतो, कारण लग्न विधीने लागते, नोंदणीने नव्हे. महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेमुळे घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. कौटुंबिक न्यायालयात वकील हा कायद्याने हक्क नाही. परवानगीचा अर्ज देऊन वकीलपत्र दाखल करावे लागते, आणि ती परवानगी बहुधा मिळते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. ही तरतूद माहीत नसल्यामुळे दागिने गहाण ठेवलेल्या बायका मी पाहिलेल्या आहेत.

दाखल झाल्यावर गैरअर्जदाराला नोटीस जाते आणि प्रकरण विवाह समुपदेशकाकडे पाठवले जाते. अनेकांना हा वेळकाढूपणा वाटतो, पण समेटाचा प्रयत्न करणे हे या न्यायालयाचे कायदेशीर कर्तव्य आहे. शिवाय समेट झाला नाही तरी मुलांच्या भेटी आणि शाळेचा खर्च अशा गोष्टी पुष्कळदा याच टेबलावर ठरतात. गैरअर्जदार नोटीस मिळूनही आला नाही तर प्रकरण एकतर्फी चालते. ज्याला नोटीस मिळालीच नव्हती, त्याला एकतर्फी हुकूमनामा कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज देता येतो. म्हणून समोरच्याचा खोटा किंवा जुना पत्ता देऊन झटपट निकाल मिळवण्याची युक्ती सुचवणाऱ्यापासून लांब राहावे. तसा हुकूमनामा दहा वर्षांनीसुद्धा कोसळू शकतो.

प्रकरण चालू असतानाची पोटगी हा सर्वांत कडवट भाग. त्याबाबत आज देशभर पाळला जाणारा नियम नागपूरच्याच एका प्रकरणातून आला. इथल्या कौटुंबिक न्यायालयात २०१३ मध्ये दाखल झालेला पोटगीचा अर्ज खंडपीठामार्गे सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्या न्यायालयाने ठरवले की, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि कर्जे यांचे ठरावीक नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यायचे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची. हे प्रतिज्ञापत्र भरताना लपवाछपवी करू नये. पगारपत्रक आणि बँकेचे खातेउतारे समोरचा वकील मागणारच असतो. पूर्वी जो पोटगीचा अर्ज फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली व्हायचा तो १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो, पण कोर्टाच्या आवारात अजूनही सगळे 'एकशे पंचवीस'च म्हणतात.

दोघांची तयारी असेल तर

परस्पर संमतीची वाट कलम १३-ब ची. दोघे किमान एक वर्ष वेगळे राहत असावेत. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून न राहणे हे वेगळे राहणेच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले आहे. संयुक्त याचिका दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचे आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती सांगायची, असा क्रम आहे. आधीच दीड वर्षाहून अधिक काळ वेगळे राहिलेल्या, समेटाची आशा उरलेली नसलेल्या आणि पोटगी व मुलांचा ताबा यांचा निकाल लावलेल्या जोडप्याला हा सहा महिन्यांचा थांबा माफ करता येतो, असे २०१७ मध्ये ठरले. माफी अर्ज करून मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

संमती शेवटपर्यंत टिकावी लागते. हुकूमनाम्यापूर्वी कोणीही मागे फिरू शकतो, आणि म्हणूनच पैशाची पूर्ण रक्कम पहिल्याच पेशीला देऊन टाकणे किंवा सगळे फौजदारी खटले आधीच मागे घेणे, दोन्ही शहाणपणाचे नाही. संमती अटींत टप्पे लिहावेत: पहिल्या वेळी किती, दुसऱ्या वेळी किती, दागिने कोणत्या दिवशी, मूल दिवाळीच्या सुटीत कोणाकडे. 'मुलाला भेटू देण्यात येईल' असे वाक्य लिहून उठलेली माणसे पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा त्याच जिन्यावर दिसतात.

निकालाच्या दिवशी

घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी, असे कलम २३ मध्ये न्यायालयाला बजावलेले आहे. ही प्रत आठवणीने घ्यावी आणि शिवाय नक्कल विभागात अर्ज करून दोन जादा प्रमाणित नकला त्याच आठवड्यात काढून ठेवाव्यात. प्रकरण एकदा अभिलेख कक्षात गेले की तीच नक्कल मिळायला जास्त दिवस लागतात. याचिकेसोबत दिलेली मूळ कागदपत्रे, विशेषतः मुलांचे दाखले आणि शिक्षणाची प्रमाणपत्रे, अपिलाची मुदत संपल्यावर अर्ज करून परत घ्यावीत, कारण न्यायालयातील जुन्या फायलींचा काही भाग ठरावीक काळानंतर नष्ट केला जातो.

अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपेपर्यंत, किंवा अपील झाले असेल तर ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न करता येत नाही. हुकूमनामा हाती आला की पुढच्या महिन्यातली तारीख काढणारी उतावळी मंडळी पाहिली आहेत. त्यांनी पंचांगाआधी हे ९० दिवस मोजावेत. परदेशात कागद द्यायचा असेल तर प्रमाणित नकलेवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे परदेशांसाठीचे सरकारी प्रमाणन, करून घ्यावे लागते. अपोस्टिल देण्याचे काम परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे आणि त्याआधी राज्य पातळीवरची तपासणी होते.

आणि नक्कल घेऊन पायऱ्या उतरण्यापूर्वी ती तिथेच उभे राहून वाचावी: दोघांची पूर्ण नावे, लग्नाची तारीख, प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष. 'सुनीता'चे 'सुनिता' झाले किंवा लग्नाच्या वर्षात एक आकडा चुकला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली साध्या अर्जावर अशी लेखनचूक दुरुस्त होते, आणि त्या अर्जाला मुदतीचे बंधन नाही. त्या दिवशी वकील शेजारी उभा असतो, फाइल अजून वरच्या मजल्यावर असते आणि चूक दाखवायला बोटभर जागा पुरते.